जेडच्या पात्याची नोंद: धार आधी, नाव शेवटी

प्राचीन चिनी जेडच्या पात्यांसमोर उभं राहिल्यावर बहुतेक जण एकच चूक करतात. आधी पाटी वाचतात, मग वस्तूकडे पाहतात, आणि पाटीवर जेवढं लिहिलंय तेवढंच त्यांना दिसतं. वहीत ‘जेडचा सुरा, हिरवट, फार सुबक’ अशी एक ओळ उरते. धार कुठल्या बाजूला होती? भोक एका अंगाने पाडलं होतं की दोन्ही अंगांनी? लांब कड सरळ होती की किंचित आत वळलेली? घरी आल्यावर यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, आणि फोटो काढला असेल तर त्यात काचेवरची आपलीच सावली जास्त असते.

खाली दिलेला क्रम पुरातत्त्व शिकणाऱ्यांसाठी आहे, वस्तूंची रेखाटनं करणाऱ्यांसाठी आहे, आणि लंडन, वॉशिंग्टन किंवा तैपेईला गेल्यावर संग्रहालयात अर्धा दिवस काढणाऱ्यांसाठीही आहे. क्रम मोडू नका. निम्म्या चुका क्रम मोडल्यामुळेच होतात.

तयारी: घरून निघण्याआधी

साधी पेन्सिल (एचबी आणि २एच), खोडरबर, आलेख-कागदाची वही. बहुतेक दालनांत शाईचं पेन चालत नाही, म्हणून ते घेऊच नका.

कपडे गडद रंगाचे घाला. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण पांढरा सदरा काचेत उजळ डागासारखा उमटतो आणि पात्यावरची बारीक रेघ झाकून टाकतो. कॅमेऱ्याला पोलरायझर (काचेवरची चमक कापणारं फिल्टर) लावणार असाल तर काचेसमोर नाकासमोर सरळ उभे राहू नका. समोरून त्याचा उपयोग जवळजवळ शून्य असतो. काचेच्या लंबाशी साधारण ५५ अंशांच्या कोनात, म्हणजे बरंच बाजूला सरकून पाहिलं की परावर्तन सर्वांत जास्त कापलं जातं.

दहापट भिंग काचेबाहेरून कुचकामी आहे, कारण ते वस्तूला जवळजवळ चिकटवावं लागतं. अर्ध्या मीटरवरचं स्पष्ट दाखवणारी एकनळी दुर्बीण मिळाली तर ती घ्या. टॉर्च वापरायचा असेल तर आधी रखवालदाराला विचारा. नाही म्हणाले तर दालनातल्याच दिव्याचा उपयोग करा: वाकून, बसून, बाजूला जाऊन अशी जागा शोधा की प्रकाश पृष्ठभागावरून तिरपा घसरत येईल. कापल्याच्या खुणा अशा प्रकाशातच दिसतात.

वहीत प्रत्येक पात्याला दोन समोरासमोरची पानं द्या. डावीकडे रेखाटन, उजवीकडे नोंद. पाटीवरचा मजकूर लिहायला वहीचं शेवटचं पान राखून ठेवा.

एक गोष्ट मनातून काढून निघा. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात किंवा इतरत्र मुघल काळातल्या जेडच्या कट्यारी आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेल्या असतात. त्यांत मूठ जेडची आणि पातं पोलादाचं. चीनमधल्या या पात्यांत उलट आहे. पातंच दगडाचं, आणि दांडा असलाच तर लाकडाचा. लाकूड जमिनीत कुजून गेलं. त्यामुळे इथे मूठ शोधायची नसते, ती कुठे बसत होती ती जागा शोधायची असते.

पायरी १: फक्त बाह्यरेषा

पाटीकडे न पाहता बाह्यरेषा काढा. छायाभेद नको, रंग नको, नक्षी नको. पेन्सिल हाताच्या अंतरावर धरून लांबी-रुंदीचं प्रमाण घ्या, आणि सर्वांत रुंद व सर्वांत अरुंद जागा आधी ठरवा.

मग प्रत्येक कडेला स्वतंत्र प्रश्न विचारा: सरळ, फुगीर की आत वळलेली? चारही कडा वेगळ्या असू शकतात. घाईत माणूस दोन लांब कडा समांतर काढून मोकळा होतो. प्रत्यक्षात एक कड सरळ आणि दुसरी किंचित अंतर्वक्र असते, आणि पुढची ओळख नेमकी त्यावर अवलंबून असते.

*तपासा:* रेखाटन उलटं धरून वस्तूशी ताडून पहा. प्रमाणातली चूक उलट्या चित्रात चटकन पकडता येते.

पायरी २: धार कुठे, बूड कुठे

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. इथे चूक झाली तर पुढचं सगळं वर्णन उलटं होतं.

धार म्हणजे ‘पातळ दिसणारी कड’ नव्हे. धार म्हणजे जिथे पृष्ठभाग मुद्दाम उतरता घासला आहे ती कड. हा उतार तिरप्या प्रकाशात कडेला समांतर अशी एक स्वतंत्र चकाकती पट्टी म्हणून दिसतो. उतार एकाच अंगाला आहे की दोन्ही, हे लिहा. मागची बाजू दिसत नसेल तर ‘दिसलेल्या बाजूला उतार आहे’ एवढंच लिहा.

आता चार मुख्य आकार. नावं मी इथे देतो आहे, पण नोंदीत ती अजून लिहायची नाहीत.

*कुऱ्हाडीचा आकार, युए.* रुंद, चपटा. धार सर्वांत रुंद कडेला, भोक समोरच्या अरुंद बुडाजवळ. दांडा पात्याच्या लांबीला काटकोनात बांधलेला असे, आपल्या कुऱ्हाडीसारखाच. संग्रहालयात हे पातं बहुधा धार खाली करून टांगतात. त्यामुळे ते फावड्यासारखं दिसतं आणि पाहणारा दांडा वरच्या दिशेने कल्पून बसतो. च-च्यांग प्रांतात फानशान इथल्या १२ क्रमांकाच्या थडग्यातलं युए (उत्खनन १९८६, ल्यांगचू ही अश्मयुगाच्या शेवटची संस्कृती) याचं उत्तम उत्तर देतं. लांबी १७.९ सेंटिमीटर, धारेची रुंदी १६.८. धारेच्या एका कोपऱ्याजवळ पिसांचा मुकुट घातलेला देव कोरलेला आहे, दुसऱ्या कोपऱ्याजवळ पक्षी. धार खाली करून पाहिलं तर देव आडवा पडतो. दांडा उभा धरून, धार बाजूला करून पाहिलं की देव सरळ उभा राहतो आणि पक्षी त्याच्या खाली येतो. कोरणाऱ्याच्या मनातली दिशा ती.

*लांब चौकट, दाओ.* ही समलंब आकाराची लांबट फळी असते. पाठीजवळ ओळीने भोकं, आणि धार समोरच्या लांब कडेला. भोकांकडची कड पाठ असते, धार नव्हे. अर्लिथौ (हनान प्रांत) इथलं सात भोकांचं पातं ६५ सेंटिमीटर लांब आहे. त्याच्या दोन्ही टोकांना बारीक दाते आहेत आणि टोकांजवळ जाळीदार रेघा आहेत. ही आखूड टोकं सजवलेली असल्यामुळे नजर तिकडे जाते, धार मात्र लांब कडेलाच असते.

*टोकदार, गअ.* हा भाल्यासारखा दिसतो, आणि बहुतेक नोंदींत ‘भाल्याचं टोक’ असंच लिहिलेलं मी वाचलं आहे. ते चूक. मागचा आखूड चौकोनी भाग दांड्यात आडवा बसवत, पातं दांड्याला काटकोनात येई. भाला भोसकतो, हे हत्यार चोचीसारखं मारायचं आणि मागे ओढायचं. अर्थात जेडचं गअ मारण्यासाठी नव्हतंच. हूपेइ प्रांतात पानलोंगचंग इथे सापडलेलं एक ९४ सेंटिमीटर लांब आहे. एवढी लांब, पातळ दगडी पट्टी एका आघातात तुटेल.

*दुभंगलेल्या टोकाचं, याजांग.* सर्वांत जास्त गोंधळ इथे. एक टोक रुंद आणि आत वळलेलं किंवा दुभंगलेलं, दुसरं टोक साधं चौकोनी, मध्ये कुठेतरी दोन्ही कडांना दात्यांसारखे उंचवटे, आणि त्यांच्या जवळ एक भोक. दुभंगलेलं टोक पाहून ते बांधण्याचं बूड असावं असं वाटतं. मी स्वतः एकदा पूर्ण दुपार असं पातं खालचं वर करून काढत बसलो होतो, सगळी मापंही तशीच लिहिली. उतार त्या दुभंगलेल्या टोकावर घासलेला असतो, म्हणजे धार तीच. साध्या चौकोनी भागाला धरायचं.

इथे अंदाज करण्याची गरज उरलेली नाही, कारण पुरावा आहे. सच्वान प्रांतात सानशिंगत्वेई इथल्या १९८६ च्या दुसऱ्या खड्ड्यातून काशाची एक छोटी गुडघे टेकलेली मूर्ती निघाली. तिने दोन्ही हातांत समोर याजांग उभं धरलं आहे. त्याच खड्ड्यातल्या एका जेडच्या पात्यावर माणसांच्या ओळी आणि डोंगर कोरले आहेत, आणि डोंगरांच्या बाजूला अशीच पाती उभी दाखवली आहेत.

*सावधान:* मांडणीची दिशा म्हणजे वापराची दिशा असं धरू नका. जागेच्या सोयीने किंवा आधाराच्या खिळ्यांच्या सोयीने वस्तू मांडलेली असते.

*तपासा:* रेखाटनावर आता तीन अक्षरं असली पाहिजेत: ‘धा’ धारेवर, ‘बू’ बुडावर, ‘पा’ पाठीवर. एखादं ठरत नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह.

पायरी ३: जाडी आणि काटछेद

बाजूने पहा. काचपेटी भिंतीला चिकटलेली असेल तर गाल काचेजवळ नेऊन जितकं दिसेल तितकं. पातं सगळीकडे सारख्या जाडीचं आहे की मध्ये जाड आणि कडांकडे उतरतं? गअवर अनेकदा मधोमध कणा असतो. तो काटछेदात टोकदार येतो की गोलसर, एवढं काढलं तरी पुरे.

पातळपणा लिहायला विसरू नका. कितीतरी पाती काही मिलिमीटरच जाड आहेत, आणि धारेवर ठोक्यांच्या खाचा नाहीत. काम केलेल्या दगडी कुऱ्हाडीची धार झिजते, टवके उडतात. इथे ती जवळजवळ कोरी असते. ‘विधीसाठी’ हा शब्द लिहायचा असेल तर तो अशा निरीक्षणाच्या आधाराने लिहा.

पायरी ४: भोकं

भोक हा पात्यावरचा सर्वांत प्रामाणिक भाग आहे. पृष्ठभाग नंतर घासून गुळगुळीत करता येतो, भोकाच्या आतली भिंत फारसं कुणी घासत बसत नाही.

जेड धातूच्या हत्याराने कोरलं जात नाही, घासलं जातं. बांबूची किंवा हाडाची पोकळ नळी, तिच्या खाली ओली कठीण वाळू, आणि तासन्‌तास फिरवणं. कापतो तो वाळूचा कण, नळी फक्त त्याला फिरवते. जात्यावर किंवा कुरुंदाच्या दगडावर काही घासलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. नळी झिजत जाते, म्हणून भोक आत जाताना अरुंद होतं.

यावरून तीन गोष्टी बघा.

दोन्ही अंगांनी पाडलेल्या भोकात मधोमध एक वलय उरतं, कारण दोन नळ्या नेमक्या एका रेषेत भेटत नाहीत. एकाच अंगाने पाडलेलं भोक एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद असतं, आणि अरुंद बाजूच्या ओठावर शेवटचा तुकडा तुटल्याची खडबडीत कड दिसू शकते. तिसरं, भिंतीवरची वलयं: हाताने फिरवलेल्या नळीची वलयं असमान, काही खोल काही उथळ. यांत्रिक ड्रिलची भिंत सरळ नळकांड्यासारखी आणि रेघा एकसारख्या अंतराच्या.

भोक भरलेलं असू शकतं. काही पात्यांच्या एखाद्या भोकात पिरोजाची छोटी चकती बसवलेली आढळते. तिला ‘निळा डाग’ म्हणून सोडू नका.

आणि अर्धं भोक! कडेवर अर्धगोल खाच दिसली, आणि तिच्या आत ड्रिलची वलयं दिसली, तर ती सजावट नव्हे. जुनं मोठं पातं कापून हे नवीन बनवलं आहे. जेड दुर्मीळ होतं, टाकून कुणी देत नव्हतं.

पायरी ५: कापल्याच्या खुणा

रुंद सपाट भागावर तिरपा प्रकाश मिळवा आणि हळूहळू डोकं हलवा. घासूनही न गेलेली एखादी पायरी, चर किंवा कमान दिसते.

- वाळू लावलेल्या दोरीने कापलं असेल तर कमानी दिसतात, आणि त्यांची वक्रता बदलत जाते, कारण दोरी वाकते, ताण कमी-जास्त होतो.
- पट्टीसारख्या कठीण पात्याने कापलं असेल तर खुणा सरळ. दोन्ही बाजूंनी कापत आल्यावर मध्ये उरलेला भाग मोडतात, तिथे एक बारीक पायरी राहते.
- फिरत्या चकतीच्या खुणा एकाच त्रिज्येच्या कमानी असतात.

कोरलेल्या रेघांसाठीही हीच नजर. ल्यांगचूच्या बारीक रेघा कठीण टोकाने पुन्हापुन्हा ओरखडून केलेल्या असतात. जवळून पाहिलं तर एका रेघेत अनेक रेघा सापडतात, टोकं विस्कटलेली असतात. चाकावर कापलेली रेघ मध्ये रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती, होडीच्या आकाराची.

*सावधान:* खूण दिसली नाही तर ‘खूण नाही’ असं लिहू नका. ‘या प्रकाशात दिसली नाही’ असं लिहा. या दोन वाक्यांमध्ये मोठा फरक आहे.

पायरी ६: रंग आणि जमिनीने केलेले बदल

‘हिरवट’ या शब्दावर बंदी घाला. जेड पांढरं, राखाडी, पिवळसर, तपकिरी, जवळजवळ काळंही असतं. शिवाय हजारो वर्षं जमिनीत राहिलेल्या पात्याचा आजचा रंग मूळ दगडाचा नसू शकतो. अपारदर्शक पांढरेपणा येतो. चिनी अभ्यासक त्याला कोंबडीच्या हाडाचा पांढरा म्हणतात, आणि उपमा नेमकी आहे. लोहामुळे तपकिरी छटा चढते. हिंगुळाचे लाल कण थडग्यातल्या पात्यांना चिकटलेले असतात, कधी कापडाच्या विणीचा ठसाही उरतो.

रंग कुठे आहे ते रेखाटनावर आखा. तपकिरी छटा तड्याच्या कडेने आत शिरली आहे की वरून सगळीकडे सारखी पसरली आहे? तड्यांच्या जाळ्यातच गडद आणि इतरत्र एकसारखा फिका रंग दिसला तर शंका घ्या. भाजून आणि रंगवून जुनेपणा आणण्याची युक्ती जुनीच आहे.

पायरी ७: दगड कोणता

काचेबाहेरून ठरवता येत नाही. पाटीवरून घ्या, आणि ‘पाटीप्रमाणे’ असं लिहा.

फक्त एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जेड हे नेफ्राइट आणि जेडाइट अशा दोन वेगळ्या दगडांना मिळून दिलेलं नाव आहे, आणि प्राचीन चिनी जेड म्हणजे मुख्यतः नेफ्राइट. ब्रह्मदेशातलं हिरवंगार जेडाइट चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर १८व्या शतकात आलं. त्यामुळे ‘शांग काळातलं (तीन हजार वर्षांहून जुनं) जेडाइटचं पातं’ असं कुणी सांगितलं तर तिथेच थांबा.

अभ्यासकक्षात वस्तू हाताळायची परवानगी मिळाली तर अंगठ्या, बांगड्या, घड्याळ आधी काढा. मऊ गादीवर, दोन्ही हातांनी, गादीपासून चार बोटांपेक्षा वर न उचलता. लांब पातं एका टोकाला धरून कधीही उचलू नका, स्वतःच्या वजनाने ते जुन्या तड्यावर मोडू शकतं. ओरखडा काढून कठीणपणा पाहणं तर पूर्ण वर्ज्य.

विशिष्ट गुरुत्व (दगड पाण्याच्या किती पट जड आहे ते) मोजण्याचं काम संस्थेच्या संवर्धकाने करायचं, आणि हिंगुळ किंवा कापडाचे अवशेष नाहीत याची खात्री झाल्यावरच, कारण पाण्यात ते धुऊन जातात. हिशेब सोपा आहे. समजा पातं हवेत ३१२ ग्रॅम आणि पाण्यात टांगून २०६.२ ग्रॅम भरलं. फरक १०५.८. ३१२ ला त्याने भागलं की २.९५ येतं, म्हणजे नेफ्राइटच्या पट्ट्यात (साधारण २.९ ते ३.१). याच वजनाचं सर्पेंटाइन (जेडसारखा दिसणारा, पण हलका दगड) असतं तर फरक सुमारे १२० आला असता, आणि जेडाइट असतं तर ९४ च्या आसपास. भोकांत अडकलेले हवेचे बुडबुडे आधी काढले नाहीत तर आकडा कमी येतो. ही चूक नेहमीची आहे.

पायरी ८: आता पाटी वाचा, आणि नाव लिहा

नोंदीत दोन नावं हवीत: पाटीवरचं आणि तुमच्या निरीक्षणावरून ठरलेलं. एकाच आकाराला एक संग्रहालय ‘सुरा’ म्हणतं, दुसरं ‘राजदंड’, तिसरं नुसतं ‘पातं’.

नावांबद्दल एक खबरदारी. ‘याजांग’ हा शब्द जुन्या चिनी ग्रंथांतला आहे, पण तो या दुभंगलेल्या पात्याला चिकटवला वू ताछंग या विद्वानाने, १८८९ च्या त्याच्या जेडविषयक ग्रंथात. ज्यांनी ही पाती घडवली ते त्यांना काय म्हणत होते, हे त्या नावावरून सिद्ध होत नाही. म्हणून ‘याला याजांग म्हणत’ असं लिहू नका, ‘याला याजांग म्हणतात’ असं लिहा.

‘क्वेइ’ हा उभा, टोकदार माथ्याचा पट्टा गअशी गल्लत करण्याजोगा असतो. गअला दांड्यात बसवायचा वेगळा मागचा भाग असतो, क्वेइला नसतो. पायरी २ नीट केली असेल तर हा प्रश्न उरत नाही.

पायरी ९: ठिकाण आणि काळ, तीन वेगळ्या ओळींत

पहिली ओळ: कुठे सापडलं. दुसरी: ज्या थडग्यात किंवा खड्ड्यात सापडलं त्याचा काळ. तिसरी: पातं घडवल्याचा काळ. पाटीवर यांतलं एकच असतं आणि वाचणारा ते तिन्हींना लावून मोकळा होतो.

आनयांगचं फू हाओचं थडगं घ्या, १९७६ मध्ये सापडलेलं. ती शांग राजा वू तिंगची राणी, काळ इसवी सनापूर्वी १२०० च्या सुमाराचा. थडग्यात जेडच्या ७५५ वस्तू होत्या, पण त्या सगळ्या तिच्या काळातल्या नाहीत. काही तिच्याही आधीच्या कितीतरी शतकं जुन्या, जपून ठेवलेल्या. आणि तिथल्या एका गअवर कोरलेला मजकूर सांगतो की लू नावाच्या प्रदेशाकडून पाच गअ नजराणा म्हणून आले. म्हणजे सापडलं आनयांगला, पण आलं दुसरीकडून.

आकारावरून ठिकाण ठरवतानाही हात आखडता घ्या. याजांग उत्तरेला शेन्शी प्रांतातल्या शिमाओला आहे, अर्लिथौला आहे, सानशिंगत्वेईला आणि छंगतूमधल्या जिनशाला आहे. हाँगकाँगच्या लामा बेटावर १९९० मध्ये सापडलं, व्हिएतनामच्या फूथो प्रांतातही सापडलं आहे. उत्खननातलं नसेल, बाजारातून संग्रहात आलेलं असेल, तर पहिल्या ओळीत ‘ठिकाण अज्ञात’ लिहा. पाश्चात्त्य संग्रहांतली पुष्कळ पाती अशीच आहेत.

*सावधान:* एखादा विक्रेता अशी वस्तू विकत देऊ पाहत असेल तर ही पद्धत वापरून खरं-खोटं ठरवू नका. पातं खोटं असेल तर पैसे जातात. खरं असेल तर ते बहुधा कुणाचं तरी थडगं फोडून आलेलं असतं, आणि त्याच्यासोबत वरच्या पहिल्या दोन ओळी कायमच्या नष्ट झालेल्या असतात. सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा १९७० चा करार भारताने १९७७ मध्ये आणि चीनने १९८९ मध्ये स्वीकारला आहे.

पायरी १०: दालन सोडण्याआधी पाच मिनिटं

वही मिटून पात्याकडे एकदा नुसतं पहा, मग वही उघडून ताडा. धारेची बाजू, भोकाचं अंगावरचं स्थान, दात्यांची संख्या दोन्ही कडांना वेगवेगळी मोजलेली. दाते दोन्हीकडे सारखेच असतील असं धरून एकाच कडेचे मोजलेले असतात, हे फार वेळा होतं. मोजायचे राहिले असतील तर आत्ताच मोजा. त्याच दिवशी, रात्री झोपण्याआधी, नोंद स्वच्छ लिहून काढा, आणि जिथे प्रश्नचिन्हं आहेत ती खोडू नका.